कुत्र्याचे वळण आणि घरातील एकवाक्यता

मराठी भाषेने कुत्र्यावर फारशी माया केलेली नाही. ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण शाळकरी मुलासही पाठ असते. आणि ती ऐकत लहानाचा मोठा झालेला गृहस्थ पुढे कुत्रा पाळू लागला, म्हणजे त्याच्या शिक्षणाविषयी मनात आधीच निराशा धरून बसतो. कुत्रा शहाणा निघाला तर तो जातिवंत होता म्हणून, आणि खोडकर निघाला तर त्याचा मूळ पिंडच तसा म्हणून! मध्यंतरी घरातील माणसांनी त्यास काय शिकविले व कोणत्या रीतीने शिकविले, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. या महिन्याच्या लेखात तो मांडून पाहण्याचा आमचा विचार आहे.

निमित्त झाले भाईंदरहून आलेल्या एका पत्राचे. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस, मिठागरांच्या शेजारी वसलेल्या मीरा-भाईंदर परिसराचे रूप किती झपाट्याने पालटले हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. १९८५ साली तेथे नगरपरिषद स्थापन झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या शिरगणतीत ५,२०,३८८ असलेली लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत ८,०९,३७८ वर गेली. एवढी माणसे राहावयाची म्हणजे मजल्यावर मजले चढणारच, आणि माणसांबरोबर त्यांचे कुत्रेही वर चढले. पूर्वी कुत्रा असे तो अंगणात किंवा ओसरीच्या कडेला. त्यास जागा मोकळी, आणि येणारा-जाणारा लांबूनच दिसे. आता तोच प्राणी दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत स्वयंपाकघर, देवघर आणि पाळणा यांच्यामधून वावरतो, लिफ्टमध्ये अनोळखी माणसांच्या पायाशी उभा राहतो, आणि खालच्या रस्त्यावरील भटक्या कुत्र्यांच्या टोळीसमोरून दिवसातून दोन-तीन वेळा जातो. अंगणातल्या कुत्र्याचे अडाणीपण खपून जात असे. सदनिकेतल्या कुत्र्याचे खपत नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी एका एकत्र कुटुंबातील धाकट्या सूनबाई आहेत. घरात सासूबाई, मामंजी, दोघे भाऊ, दोघी जावा व तीन मुले अशी नऊ माणसे, आणि ‘मोती’ नावाचा दीड वर्षाचा कुत्रा. महिन्यापूर्वी मोती खात असता थोरल्या जाऊबाईंचा सात वर्षांचा मुलगा त्याच्या ताटलीपाशी गेला. मोती गुरगुरला. मुलाने गमतीने ताटली ओढली, तेव्हा त्याने मुलाच्या मनगटास दात लावला. उपचार वेळीच झाले आणि मूल बरे आहे. परंतु घर मात्र तेव्हापासून बरे नाही. मामंजी म्हणतात, दोन रट्टे वेळेवर बसले असते तर ही पाळी आली नसती. भावोजी म्हणतात, घराचा धनी कोण हे कुत्र्याला कळलेलेच नाही. सासूबाई म्हणतात, मुके जनावर आहे, त्याला प्रेमाने खाऊ-पिऊ घातले की झाले, शिकवावयाचे काय आहे त्यात! शेजाऱ्यांनी सल्ला दिला की, खाडीपलीकडे नेऊन सोडून द्यावे. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. मुलाला घेऊन माहेरी गेल्या, त्या अद्याप परतलेल्या नाहीत. ‘मोती सुधारण्यापलीकडे गेला आहे काय?’ असा सूनबाईंचा प्रश्न आहे.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याचा निकाल प्रथम लावू. पाळलेले जनावर उपासमारीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, ज्याला आयुष्यात रस्त्यावर अन्न शोधण्याचा प्रसंग आला नाही, असा कुत्रा अनोळखी टोळीच्या हद्दीत सोडणे म्हणजे त्यास मारून टाकण्याचे काम दुसऱ्यांवर सोपविणे होय. त्याच वेळी आम्ही हेही सांगू इच्छितो की, जाऊबाईंचे भय खोटे नाही. मुलाच्या आईला ‘तुम्ही उगाच घाबरता’ असे म्हणणारे घर कुत्र्यासही न्याय देऊ शकणार नाही. मूल सुरक्षित राहील अशी व्यवस्था आधी, आणि कुत्र्याचे शिक्षण त्या व्यवस्थेच्या आत, असाच क्रम असला पाहिजे. सुदैवाने या दोन गोष्टींत विरोध नाही. जो कुत्रा दीड वर्षात एकदाच, केवळ खाण्याच्या वेळी, आणि तोही आधी बजावून दात लावतो, त्यास सुधारण्यापलीकडे गेलेला म्हणता येत नाही. तथापि पुढे काही करण्यापूर्वी पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घ्यावी. कारण दात, कान अथवा पोट दुखत असलेला कुत्रा चिडका होतो, आणि दुखण्यावर शिक्षण हे औषध नव्हे.

आता वडील मंडळींच्या मतांकडे वळू. ही मते त्या एका घरची नाहीत. घरोघरी तीच ऐकू येतात, म्हणूनच त्यांचा सविस्तर विचार करणे प्राप्त आहे.

‘घराचा धनी कोण हे कुत्र्याला कळले पाहिजे’ या भावोजींच्या मताची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या स्विस शास्त्रज्ञाने बाझल येथील प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. बंदिस्त जागेतील ते लांडगे एकमेकांशी भांडून वरचढपणा मिळवितात, असे त्याने नोंदविले. पुढे १९७० साली डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाच्या ग्रंथातून ही कल्पना जगभर पसरली, आणि कुत्रा हा लांडग्याचा वंशज असल्यामुळे तोही घरात राजेपद मिळविण्याच्या खटपटीत असतो, असा सिद्धांत लोकांनी त्यावरून काढला. मग त्याच्या आधी आपण जेवावे, दारातून त्याच्या आधी आपण बाहेर पडावे, त्याच्या तोंडची ताटली अधूनमधून काढून घ्यावी, त्यास उताणे पाडून दाबून धरावे, असे नाना उपाय निघाले.

परंतु मेक यांनीच १९८६ सालापासून अनेक उन्हाळे उत्तर ध्रुवाजवळील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात काढले, आणि १९९९ साली स्पष्ट लिहिले की, रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा एक आई, एक बाप आणि त्यांची निरनिराळ्या वर्षांची मुले एवढाच असतो. थोरली भावंडे धाकट्यांना खाऊ घालतात, आईबाप शिकारीत पुढे असतात; राजेपदासाठी लढाया होत नाहीत. आपला जुना ग्रंथ छापणे थांबवावे, असा आग्रह त्यांनी पुढे प्रकाशकांकडे धरला. शेंकेल यांनी पाहिलेले लांडगे हे एका कोंडवाड्यात जबरीने एकत्र ठेवलेले होते. एखाद्या धर्मशाळेच्या एकाच खोलीत दहा अनोळखी वाटसरूंना वर्षभर कोंडावे आणि त्यांची भांडणे पाहून हिंदू एकत्र कुटुंबावर ग्रंथ लिहावा, तशातलाच तो प्रकार झाला! शिवाय कुत्रा आज लांडगा राहिलेला नाही. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली सापडलेल्या एका थडग्यात माणसांशेजारी कुत्र्याची हाडे मिळाली. ते दफन सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहे. इतका काळ माणसाच्या चुलीपाशी काढलेला प्राणी आपले सिंहासन हिसकावून घेईल, ही भीती व्यर्थ आहे. त्यास सत्ता नको असते. पुढे काय होणार हे आधी कळावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. ज्याच्या तोंडची ताटली वारंवार काढून घेतली जाते, तो एवढेच शिकतो की, ताटलीजवळ येणारा हात हा चोराचा हात असतो. मोतीच्या ताटलीशी असा खेळ घरात पूर्वी कोणी केला होता काय, हे सूनबाईंनी शोधून पाहावे.

दुसरे मत मामंजींचे, ‘दोन रट्टे’ देण्याचे. या बाबतीत आमच्या वाचकांस महाभारताच्या आदिपर्वातील एक प्रसंग स्मरत असेल. जनमेजय कुरुक्षेत्रावर यज्ञसत्र करीत असता एक कुत्र्याचे पिल्लू तेथे आले. जनमेजयाच्या भावांनी त्यास मारून हाकलले. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे, गेले. तिने विचारले, ‘तू काही अपराध केला असशील.’ पिल्लू म्हणाले, ‘मी हवी चाटला नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही.’ तेव्हा सरमेने यज्ञमंडपात येऊन जाब विचारला, आणि कोणासही उत्तर देता येईना म्हणून, अपराध नसता मारलेत त्याअर्थी तुमच्यावर अकल्पित भय येईल, असा शाप दिला. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या आरंभीच व्यासांनी कुत्र्याच्या पिल्लाची फिर्याद नोंदवून ठेवली आहे, हे विचार करण्याजोगे आहे.

आमच्या घरांतून कुत्र्यास बसणारा मार बहुधा याच जातीचा असतो. सकाळी दहा वाजता त्याने चप्पल कुरतडली. संध्याकाळी सात वाजता गृहस्थ विरारच्या गर्दीच्या गाडीतून घामाघूम होऊन घरी आले. चप्पल पाहिली आणि कुत्र्यास बदडले. कुत्र्याच्या दृष्टीने नऊ तासांपूर्वीच्या चपलेचा आणि या माराचा काही संबंध नसतो. कृती आणि तिचे फळ यांत एक-दोन क्षणांपेक्षा अधिक अंतर पडले, की त्यास दोहोंची सांगड घालता येत नाही. तो एवढेच समजतो की, यजमान दारात आले म्हणजे मार बसतो. दुसऱ्या दिवशी तो कान पाडून, शेपूट पोटाशी घेऊन कोपऱ्यात जातो, आणि आम्ही म्हणतो, ‘पाहा, चोराच्या मनात चांदणे!’ हाही एक मोठाच गैरसमज. न्यूयॉर्क येथील अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषींनी २००९ साली चौदा कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. यजमानाने खाऊस तोंड लावू नको म्हणून बजावून खोलीबाहेर जावयाचे; मागे कधी कुत्र्याने खाऊ खाल्ला, कधी खाल्ला नाही; पण यजमानास मात्र कधी खरे सांगितले, कधी खोटे. निष्पन्न असे झाले की, अपराधी मुद्रा ही अपराधावर अवलंबून नव्हती, यजमानाच्या रागावण्यावर होती; आणि ज्यांनी खाऊ खाल्लाच नव्हता, त्यांच्याच चेहऱ्यावर रागावल्यानंतर ती अधिक उमटली. सरमेच्या पिल्लाची फिर्याद अशी पुन्हा एकदा खरी ठरली. घरात लघवी केली म्हणून त्यात कुत्र्याचे नाक घासणे ही चालही याच कारणास्तव निरुपयोगी आहे. तीतून तो घाण न करणे शिकत नाही. तुमच्यादेखत घाण न करता पलंगामागे जाऊन करणे शिकतो.

माराचा आणखी एक परिणाम अधिक घातक आहे. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ या म्हणीवर विसंबून कित्येकांनी हातपाय फोडून घेतले असतील. भुंकणारा कुत्रा चावू शकतो. गुरगुरणे ही तर त्याची नोटीसच असते: ‘मला भय वाटते, येथेच थांबा.’ गुरगुरल्याबद्दल मार बसत गेला, म्हणजे भय तसेच राहते आणि नोटीस तेवढी बंद होते. मग लोक म्हणतात, ‘काही सूचना न देता एकदम चावला.’ सूचना देण्याची त्याची सवय आपणच मोडलेली असते. मोती आधी गुरगुरला, ही त्या घराच्या भाग्याची गोष्ट होय. ती भाषा मुलांना शिकविली पाहिजे, मोतीला विसरावयास लावता कामा नये.

तिसरे मत सासूबाईंचे. प्रेम हवे, यात वाद नाही; परंतु प्रेमाने शिकवावयाचे असते, शिकविण्याऐवजी प्रेम पुरत नाही. गंमत अशी की, ज्या घरी कुत्र्यास दिवसभर ताटातले घास मिळतात, त्याच घरी शिक्षणासाठी खाऊचा तुकडा देण्यास ‘ही लाच झाली’ म्हणून हरकत घेतली जाते. लाच काम होण्यापूर्वी दाखविली जाते, बक्षीस काम झाल्यावर मिळते. दोहोंत एवढे अंतर आहे. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक याने पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखविले की, ज्या कृतीचे फळ सुखाचे, ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. शिक्षणाची सारी इमारत या साध्या पायावर उभी आहे. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांनंतर पोलिसांच्या ‘जंजीर’ नावाच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याने तीन हजार किलोंहून अधिक स्फोटक द्रव्य हुडकून काढण्यास मदत केली. पुण्यात शिकून तयार झालेला हा कुत्रा नोव्हेंबर २००० मध्ये वारला, तेव्हा त्यास पोलिसी इतमामाने निरोप देण्यात आला. असे वास काढणारे कुत्रे जगभर मुख्यतः बक्षिसावरच तयार केले जातात. वास सापडला की चेंडू, वास सापडला की खाऊ. माराच्या भयाने नाक चालत नाही.

शाकाहारी घरांतून विचारणा होते की, मांसाचा तुकडा दिल्याखेरीज कुत्रा ऐकेल काय? अवश्य ऐकेल. शिकविताना द्यावयाचा तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरतो. पनीर, उकडलेले रताळे, गाजर, पोळीचा कोरका तुकडा, यांपैकी त्यास जे आवडेल ते चालते. मात्र द्राक्षे, बेदाणे व मनुका यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडास अपाय होतो, कांदा-लसणीने रक्त बिघडते, आणि चॉकलेट तर विषच होय. तेव्हा आजीबाईंनी प्रसादाचा शिरा प्रेमाने पुढे करण्याआधी त्यात बेदाणे नाहीत ना, हे पाहावे.

वयाविषयी दोन परस्परविरुद्ध समज प्रचलित आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. एक असा की, पिल्लू सहा महिन्यांचे होईपर्यंत त्यास काही शिकवू नये. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघा संशोधकांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दाखविले की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या जगाशी ओळख होण्याचा असतो. त्या काळात ज्या गोष्टी त्याने निर्भयपणे पाहिल्या, त्यांचे भय पुढे सहसा वाटत नाही. म्हणून प्रेशर कुकरची शिट्टी, आरतीची घंटा, लिफ्टचे दार, रेनकोट घातलेला माणूस, काठी टेकीत चालणारे आजोबा, स्टेशनाजवळचा गोंगाट, या साऱ्यांची ओळख लहानपणीच करून द्यावी. लसी पूर्ण झाल्या नसतील तोवर त्यास रस्त्यावर सोडू नये, कडेवर घेऊन दाखवावे, आणि कधी काय करावे हे पशुवैद्यास विचारावे. दुसरा समज असा की, मोठा झालेला कुत्रा शिकत नाही. तोही शिकतो, फक्त जुनी सवय मोडून नवी लावावयाची असल्यामुळे वेळ अधिक लागतो. दीड वर्षाचा मोती तर अजून पोरच आहे.

तसेच ‘आपला देशी कुत्रा मठ्ठ, शिकवावयाचा तर विलायतीच हवा’ हाही समज सोडून द्यावा. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील लांब पायांचे कारवानी कुत्रे आमच्याकडील मेंढपाळ व शिकारी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवून तयार केले. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याच वाणाची जोपासना केली. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीट काढले, आणि पुढे भारतीय सैन्याने मेरठ येथील आपल्या केंद्रात मुधोळ कुत्र्यांना शिक्षण दिले. रस्त्यावरील साध्या गावठी कुत्र्याची हुशारी तर रोज दिसते; कोणत्या दुकानाचे फाटक कधी उघडते आणि कोणत्या जिन्यावरचा रखवालदार दयाळू आहे, हे त्यास बिनचूक ठाऊक असते. उलट बर्फाच्या प्रदेशातील दाट केसांचा कुत्रा भाईंदरच्या दमट उकाड्यात आणून, तो दुपारी ऐकत नाही म्हणून त्यास हट्टी म्हणणे, हा त्याच्यावरील अन्याय होय.

येथवर आम्ही निरनिराळ्या समजांचा विचार केला. पण एकत्र कुटुंबातील खरी अडचण याहून वेगळी आहे. विलायती पुस्तकांत कुत्र्याचा एक यजमान गृहीत धरलेला असतो. आमच्या घरी नऊ यजमान! आजी ‘बैस’ म्हणते, मुले ‘सिट’ म्हणतात, रखवालदार ‘बैठ’ म्हणतो, आणि धाकटा काका ‘खाली बस रे’ म्हणून चापट मारतो. काकांच्या पलंगावर चढण्यास परवानगी आहे, आजोबांच्या पलंगावर चढले की काठी. आई ताटाजवळ येऊ देत नाही, आजी ताटातूनच भरविते. भीक मागितली तर नऊ वेळा हाकलले जाते आणि दहाव्या वेळी लाडू मिळतो. यामुळे भीक मागण्याची सवय तर अधिकच घट्ट होते, कारण कधी तरी मिळेल ही आशा नेहमी मिळणाऱ्यापेक्षा चिवट असते. अशा घरात कुत्रा हट्टी होत नाही, गोंधळून जातो. ज्या शाळेत एका वर्गावर नऊ शिक्षक, आणि प्रत्येकाचे व्याकरण निराळे, तेथे विद्यार्थी नापास झाला तर दोष कोणाचा?

म्हणून मोतीच्या घरी आमची सूचना अशी आहे की, पहिला धडा मोतीला देऊ नये, घराने घ्यावा. एके रात्री जेवणे आटोपल्यावर सर्वांनी, मुलांनीसुद्धा, एकत्र बसावे आणि पाच शब्द ठरवावेत: ये, बस, थांब, सोड, जागेवर. भाषा कोणतीही असो; शब्द एकच असावा. ते शब्द आणि घराचे नियम एका कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराशी लावावेत. मोतीची ताटली वर्दळीपासून दूर, एका कोपऱ्यात ठेवावी, आणि तो खात असता किंवा झोपला असता कोणत्याही मुलाने त्याच्याजवळ जाऊ नये. हा नियम प्रेमाचा अथवा रागाचा नाही, रेल्वेच्या फाटकासारखा आहे. तो सर्वांसाठी आणि सर्वकाळ. लहान मुले व कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या देखरेखीवाचून एकत्र सोडू नये, मग कुत्रा कितीही गरीब असो.

त्यानंतर रोज एकाच मोठ्या माणसाने, मोती खात असता, तो अंग ताठ करणार नाही इतक्या अंतरावरून जाता जाता त्याच्या अन्नाहून रुचकर असा एक तुकडा ताटलीकडे टाकून पुढे निघून जावे. हात ताटलीला लावू नये. काही दिवसांनी अंतर थोडे कमी करावे. मोती घाई करू लागला किंवा गुरगुरला तर न रागावता पुन्हा मागे सरावे. हळूहळू जवळ येणारा मनुष्य हिरावून नेतो हा त्याचा समज जाऊन, जवळ येणारा काहीतरी देतो हा समज बसतो. मुलांनी हा प्रयोग करावयाचा नाही. आजीबाईंचा घास भरविण्याचा हक्क आम्ही काढून घेत नाही; आपले जेवण संपल्यावर त्यांनी तो मोतीच्या ताटलीत ठेवून, ‘बस’ म्हणून तो बसल्यावर द्यावा, एवढीच प्रार्थना. आजोबांकडे सकाळचे फिरणे सोपवावे. नेहमी बांधून अथवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे हाही उपरोक्त कायद्याप्रमाणे अपराधच आहे. आणि जेसल पार्कच्या खाडीकाठी पहाटे तासभर, पट्टा हातात धरून, त्यास मनसोक्त वास घेत चालू दिले, तर घरातील निम्मी दांडगाई आपोआप ओसरते. आजोबांच्या हातातील काठी तेव्हा टेकण्याच्याच कामी येईल.

दिवाळीत फटाक्यांनी कापणाऱ्या कुत्र्यास जवळ घेतले तर त्याचे भय वाढते, असेही कोणी सांगतात. भय हे बक्षिसाने वाढणारे कौशल्य नव्हे. त्यास आतल्या खोलीत, खिडक्या लावून, आपल्याजवळ खुशाल बसू द्यावे.

शेजारधर्माचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गृहनिर्माण संस्थांना कुत्रा पाळण्यास किंवा लिफ्टने नेण्यास सरसकट बंदी करता येत नाही. हक्क आहे म्हणूनच जबाबदारी अधिक. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरावा, कोणी भीत असेल तर त्यास आधी जाऊ द्यावे, आणि कुत्र्याने केलेली घाण स्वतः उचलावी. वार्षिक लस चुकवू नये. आणि दात कोणत्याही कुत्र्याचा लागो, घरच्या लस टोचलेल्या कुत्र्याचा जरी लागला, तरी जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेत भरू नये.

राहता राहिल्या माहेरी गेलेल्या जाऊबाई. त्यांना ‘आता मोती सुधारला, या’ असा निरोप पाठवू नये. नियमांचा कागद लागला, ताटली कोपऱ्यात गेली, आणि घरातील वडीलधारी माणसेसुद्धा ते नियम पाळतात, हे त्यांना येऊन स्वतः पाहू द्यावे. आणि एखादा नियम त्यांच्या मनाप्रमाणे वाढवावयाचा असेल तर कागदावर तेवढी जागा कोरी ठेवावी. एक महिना असे चालवून पाहावे. त्यानंतरही मोती ताटलीपाशी अंग ताठ करीत असेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने कुत्र्यांच्या स्वभावाची जाण असलेल्या, मारहाण न करणाऱ्या शिक्षकाची मदत घ्यावी. आणि त्यानेही आईचे मन निश्चिंत होत नसेल, तर लहान मुले नसलेल्या एखाद्या जाणत्या घरी मोतीची रीतसर सोय लावणे हा पराभव नव्हे. परंतु तो निर्णय नऊ जणांनी एकत्र बसून, शांतपणे घ्यावा. इतर वाचकांच्या घरी असा कागद लागला असेल, तर त्यावर कोणता नियम पाळण्यास सर्वांत कठीण गेला, आणि तो कुत्र्यास कठीण गेला की माणसांस, हे आम्हांस अवश्य कळवावे.